कवळीतल्या चांदीचा हिशेब लेखी मिळावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

चांदीचे सूक्ष्मकण मिसळलेली 'जंतुरोधक' कवळी मिळत असल्याची माहितीपत्रके अलीकडे दंतचिकित्सालयांच्या बाकांवर आणि आमच्यासारख्यांच्या लॅबमध्येही दिसू लागली आहेत. 'नॅनो' म्हटले की काहीतरी अद्ययावत असणार हा समज आणि चांदीविषयी आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या असलेला विश्वास एकत्र आल्यामुळे साठी-सत्तरीतला ग्राहक फारसे प्रश्न न विचारता जादा पैसे मोजायला तयार होतो, असे माझे निरीक्षण आहे. मी डॉक्टर नव्हे. कवळ्या तयार करणारा तंत्रज्ञ, म्हणजे सरकारी नोंदणीतला 'डेंटल मेकॅनिक', म्हणून मी नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. तोंडातल्या रोगाचे निदान करण्याचा मला अधिकार नाही. पण ज्या पदार्थात ही चांदी मिसळली जाते तो पदार्थ कसा वागतो, हे मला चांगले ठाऊक आहे. त्या आधारावर माझे म्हणणे असे की, कवळीत चांदी घालण्याची कल्पना टाकाऊ नाही; मात्र ती किती घातली, कवळीच्या कोणत्या भागात घातली आणि कोणत्या रुग्णासाठी घातली हे लेखी दिल्याशिवाय अशी कवळी विकली जाऊ नये, आणि कवळी घासण्याला किंवा रात्री काढून ठेवण्याला पर्याय म्हणून तर ती मुळीच विकली जाऊ नये.

ज्या दुखण्यावर हा उपाय सांगितला जातो ते दुखणे खरे आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. वरच्या कवळीखालची टाळू लाल होणे, ती लाली नेमकी कवळीच्या कडेपाशी थांबणे, जुन्या दुखण्यात टाळूवर बारीक दाणे उठणे, या विकाराला दंतवैद्य 'डेंचर स्टोमॅटायटिस' म्हणतात. कँडिडा आल्बिकन्स ही बुरशी त्यात प्रमुख असते. तिच्या जोडीला ढिली होऊन घासणारी कवळी, अस्वच्छता, मधुमेह, औषधांमुळे कोरडे पडलेले तोंड अशी कारणे असतात. वेगवेगळ्या पाहण्यांत कवळी वापरणाऱ्यांपैकी १५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांहून अधिक लोकांत हा विकार आढळला आहे. आकड्यांतली ही तफावत मोठी आहे, पण त्यातला सर्वांत लहान आकडा धरला तरी प्रश्न किरकोळ ठरत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठीपुढच्यांचे प्रमाण ९.९ टक्के, म्हणजे एक कोटी दहा लाखांच्या पुढे होते. त्यानंतर ते वाढलेलेच आहे. शिवाय बहुतेकांना या लालीचा त्रास जाणवत नाही. दुखत नाही म्हणून कोणी दाखवायला जात नाही, आणि बुरशी आपले बस्तान बसवते.

लॅबमध्ये दुरुस्तीला आलेली कवळी पालथी केली की हा सगळा प्रकार डोळ्यांना दिसतो. गालाकडची आणि दातांची बाजू चकचकीत असते, कारण चार माणसांत ती दिसते. टाळूला टेकणाऱ्या बाजूवर मात्र बोटाला बुळबुळीत लागणारा पिवळट थर असतो. मशेरी लावणाऱ्या बाईची कवळी असेल तर तो काळपट आणि टणक झालेला असतो. खरवडल्यावर खालचे अ‍ॅक्रिलिक गुळगुळीत लागत नाही. त्याचे कारण आमच्या कामातच आहे. कवळीची बाहेरची बाजू आम्ही प्युमिस आणि बफ लावून आरशासारखी करतो, परंतु टाळूकडची बाजू पॉलिश करत नाही, करताही येत नाही. ती घासली तर मापाचा बारीक तपशील जाईल आणि कवळी टाळूला धरून बसणार नाही. म्हणजे बुरशीला जी बाजू सर्वांत सोयीची, तीच आम्हाला खरखरीत ठेवावी लागते.

हे अ‍ॅक्रिलिक म्हणजे पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते दंतवैद्यकात आले आणि त्याआधीच्या काळपट-तपकिरी व्हल्कनाइट रबराच्या कवळ्या त्याने पाहता पाहता मागे टाकल्या. गुलाबी पावडर आणि मोनोमर हे उग्र वासाचे द्रव कालवायचे, मिश्रण कणकेसारखे होऊन भांड्याच्या कडा सोडू लागले की फ्लास्कमध्ये, म्हणजे साच्याच्या डब्यात, भरायचे, दाबायचे आणि गरम पाण्यात ठरावीक तापमानाला ठरावीक वेळ शिजवायचे. स्वस्त, हलके, दुरुस्त करता येण्याजोगे आणि हिरडीच्या रंगाशी जुळणारे हे साहित्य इतक्या वर्षांनंतरही आमच्या कामाचा कणा आहे. त्याचे दोन दोष पहिल्यापासून माहीत आहेत: ते पडले तर तडकते आणि त्यावर जंतू चिकटतात. त्यातला दुसरा दोष घालवण्यासाठी जे प्रयत्न झाले, त्यांत चांदीच्या सूक्ष्मकणांवर गेल्या दोन दशकांत जगभर बरेच काम झाले आहे.

चांदीचा जंतुनाशक गुण ही काही कालपरवा लागलेली गोष्ट नाही. लाइपझिगचे प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकण्याची पद्धत १८८१ मध्ये प्रसिद्ध केली आणि जन्मताच होणाऱ्या डोळ्यांच्या संसर्गाने येणारे अंधत्व तिने मोठ्या प्रमाणावर टाळले. भाजलेल्या जखमांवर लावायचे सिल्व्हर सल्फाडायझिन १९६८ मध्ये आले आणि आजही आपल्या सरकारी दवाखान्यांत ते पांढरे मलम सर्रास वापरले जाते. किडलेल्या दातावर लावायचे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड जपानमध्ये १९७० पासून आहे; त्याने कीड थांबते, पण कीड लागलेला भाग काळा पडतो आणि तसे रुग्णाला आधी सांगावे लागते. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. किशोर पाकणीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांदीच्या सूक्ष्मकणांचे जखमेवर लावायचे जेल विकसित केले आणि ते काम २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. जंतू मरतात एवढे दाखवून ते थांबले नाहीत. माणसाच्या पेशींवर आणि उंदरांच्या त्वचेवर त्याचा काय परिणाम होतो, तेही त्यांनी तपासले. कवळीवाल्या माहितीपत्रकांत मला हा दुसरा अर्धा भाग कुठेच दिसला नाही.

आता चांदी कवळीत गेल्यावर नेमके काय होते ते पाहू, कारण सगळी गोम तिथेच आहे. सूक्ष्मकण म्हणजे १ ते १०० नॅनोमीटर आकाराचा कण. कण जितका लहान, तितके त्याचे वजनाच्या मानाने पृष्ठफळ मोठे, आणि पाणी व प्राणवायूच्या संपर्कात त्यातून चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, तितके अधिक सुटतात. हे आयन जंतूंच्या प्रथिनांतल्या गंधकयुक्त भागांना जाऊन चिकटतात, पेशीच्या पटलाला इजा करतात आणि तिचे कामकाज बंद पाडतात. म्हणजे चांदी काम करते ती मुख्यतः सुटून. अ‍ॅक्रिलिकची पाटी, म्हणजे दात ज्यावर बसवतात तो कवळीचा गुलाबी भाग, साधारण दोन मिलिमीटर जाड असते आणि तिच्यात पाणी फारच थोडे मुरते. पूर्ण पिठात चांदी कालवली, तर तिचा बहुतांश भाग पाटीच्या पोटात बंदिस्त राहतो. लाळेला आणि बुरशीला भेटते ती फक्त पृष्ठभागावरची आणि त्याच्या लगतची चांदी. ती सुटली की तिचा साठा कमी होत जातो आणि सुटली नाही तर तिचा उपयोग नाही. पोटातल्या चांदीचे पैसे ग्राहकाने कशासाठी द्यायचे, याचे उत्तर कोणी देत नाही. जाहिरातीत 'कायमस्वरूपी संरक्षण' असे लिहिणाऱ्याने निदान एवढे तरी सांगावे की दर आठवड्याला किती चांदी सुटते आणि साठा किती दिवस पुरतो. कवळी ही पाच-सात वर्षे वापरायची वस्तू आहे, आणि प्रयोगशाळेतल्या तबकडीवरच्या चोवीस तासांच्या चाचणीतून तिच्या पाच वर्षांच्या आयुष्याचा निष्कर्ष काढता येत नाही.

तोंड म्हणजे प्रयोगशाळेतली तबकडी नव्हे, याचे आणखी एक कारण लाळ. लाळेत क्लोराइड असते आणि ते सुट्या चांदीला पकडून सिल्व्हर क्लोराइडच्या रूपात खाली बसवते. लाळेतली प्रथिनेही चांदीला धरून ठेवतात. शिवाय कवळी तोंडात गेल्यावर थोड्याच वेळात तिच्यावर लाळेतल्या प्रथिनांचा पातळ पापुद्रा चढतो आणि बुरशी प्रत्यक्षात त्या पापुद्र्यावर बसते. मोकळ्या द्रवात तरंगणारी बुरशी मारणे सोपे असते; तीच बुरशी चिकट थर करून, जिवाणूंच्या सोबतीने पृष्ठभागावर वसली की तिला मारायला कितीतरी जास्त मात्रा लागते. या विषयावरचे बहुतेक शोधनिबंध प्रयोगशाळेतल्या नमुन्यांवर आधारलेले आहेत. माणसाच्या तोंडात, महिनोन्‌महिने पाठपुरावा करून केलेल्या चाचण्या त्या मानाने फारच थोड्या आहेत. यात संशोधकांना मी दोष देत नाही, कारण कोणत्याही संशोधनाची सुरुवात अशीच होते. दोष आहे तो पहिल्या पायरीवरचा निकाल शेवटच्या पायरीचा म्हणून विकणाऱ्यांचा.

तंत्रज्ञ म्हणून मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती मिश्रणाची. इतक्या बारीक कणांची एकमेकांना चिकटून गोळे होण्याची प्रवृत्ती असते. कोरडी चांदीची पूड गुलाबी पावडरीत टाकून चमच्याने ढवळली तर ती कधीच सारखी पसरत नाही. शिजून निघालेल्या पाटीत मग उजेडाकडे धरल्यावर करड्या ठिपक्यांचे पुंजके दिसतात. संशोधक हे कण आधी द्रवात ध्वनिलहरींच्या यंत्राने विखरून घेतात, प्रमाण मोजतात, नमुने कापून यंत्रावर तोडून पाहतात. आपल्या तालुक्याच्या गावातल्या लॅबमध्ये यातले काय आहे? जिथे गोळा झाला तिथे पाटी कमकुवत झाली असे समजावे. चांदीचे प्रमाण वाढवत नेले तर वाकवण्याला होणारा विरोध घटतो, असे अनेक प्रयोगांत आढळले आहे. थोड्या प्रमाणात ताकद टिकल्याचे किंवा किंचित वाढल्याचे सांगणारे प्रयोगही आहेत. प्रमाण, कणांचा आकार आणि मिसळण्याची रीत यांवर निकाल बदलतो, म्हणूनच 'थोडी चांदी घातली' हे वाक्य आमच्या धंद्यात निरर्थक आहे. वरची कवळी मधोमध तडकणे ही लॅबमधली नेहमीची दुरुस्ती. जी पाटी मुळातच तिथे ताण सोसत असते, तिच्यात न मोजता परका पदार्थ घालणे मला पटत नाही.

इथेच एक कायदेशीर मुद्दाही येतो आणि त्याकडे अन्न व औषध प्रशासनाने लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे. कवळीच्या साहित्यासाठी आयएसओ २०७९५-१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. गरम पाण्यात शिजवायच्या अ‍ॅक्रिलिकची वाकवण्याविरुद्धची ताकद किमान ६५ मेगापास्कल असावी आणि त्यात न शिजलेले मोनोमर वजनाच्या २.२ टक्क्यांहून जास्त उरू नये, असे ते सांगते. नामांकित कंपनीच्या डब्यावर या मानकाचा उल्लेख असतो, पण तो डब्यातल्या मालापुरता असतो. लॅबवाल्याने त्यात बाहेरून आणलेली चांदीची पूड किंवा द्रावण मिसळले की तयार होणारा पदार्थ वेगळा झाला आणि त्याची चाचणी कोणीही केलेली नाही. आपल्याकडे वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ चे नियम आहेत आणि १ एप्रिल २०२० पासून सगळीच वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली आहेत. युरोपीय संघाच्या २०१७ च्या उपकरणविषयक नियमावलीत सूक्ष्मकण असलेल्या उपकरणांसाठी स्वतंत्र कलम आहे. ते कण शरीरात शिरण्याची शक्यता जितकी जास्त, तितकी उपकरणाची श्रेणी कडक. तिथे साध्या सौंदर्यप्रसाधनाच्या वेष्टनावरही घटकद्रव्यापुढे 'नॅनो' असे छापणे २०१३ पासून सक्तीचे आहे. आपल्याकडे मिठाईवरच्या चांदीच्या वर्खालाही शुद्धतेचे आणि जाडीचे मानक आहे. मग महिनोन्‌महिने तोंडात राहणाऱ्या वस्तूतल्या चांदीबद्दल ग्राहकाच्या हाती एक चिठ्ठीसुद्धा असू नये, हे विचित्र आहे.

विषबाधेच्या भीतीबद्दल मात्र मी दुसऱ्या बाजूने लिहीन, कारण या चर्चेत घाबरवणारेही कमी नाहीत. चांदी फार दिवस, फार प्रमाणात पोटात गेली तर कातडी कायमची निळसर-करडी होते. त्याला आर्जिरिया म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासंबंधी जो हिशेब मांडला आहे, त्यात आयुष्यभरात एकूण दहा ग्रॅमपर्यंत चांदी पोटात गेल्याने असा परिणाम होणार नाही, असे धरले आहे. आता कवळीचे पाहा. अ‍ॅक्रिलिकची पाटी वीस ग्रॅमची धरली आणि तिच्यात एक टक्का चांदी आहे असे मानले, तर एकूण चांदी भरते दोनशे मिलिग्रॅम. ती सगळीच्या सगळी सुटून पोटात गेली, जे होणे नाही, तरीही आपण त्या मर्यादेच्या पन्नासाव्या भागावर असतो. वर्खाच्या मानकानुसार तीन सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी काजूकतलीवर जास्तीत जास्त अडीच मिलिग्रॅम चांदी येते. त्या हिशेबाने कवळीतली सगळी चांदी म्हणजे ऐंशी काजूकतल्या. अर्थात वर्ख हा धातूचा पापुद्रा आहे आणि सूक्ष्मकणांची वागणूक त्याहून वेगळी असू शकते, त्यामुळे ही तुलना फार ताणू नये. पण कवळीतल्या चांदीने माणूस निळा पडेल, असे म्हणणाऱ्यांनी आधी वजनाचा हिशेब करावा. याच हिशेबाची दुसरी बाजू अशी की, दोनशे मिलिग्रॅम चांदीची बाजारातली किंमत काही जादा आकारणीचे समर्थन करू शकत नाही. सूक्ष्मकण तयार करण्याचा, विखरण्याचा आणि तपासण्याचा खर्च जरूर असतो; मग त्या तपासणीचा कागद दाखवा आणि पैसे घ्या.

माझ्या मते खरी शंका पोटापेक्षा टाळूबद्दल आहे. बुरशीला मारणारे आयन टाळूच्या पेशींना ओळखून वगळत नाहीत. मात्रा वाढली तर त्या पेशींनाही इजा होऊ शकते, हे प्रयोगशाळेत दिसलेले आहे. बुरशी मरेल पण टाळूला बाधणार नाही, अशी मधली मात्रा कोणत्या उत्पादनात किती आहे, ते त्या त्या उत्पादकाने दाखवायला हवे. दुसरी शंका जंतूंच्या सरावाची. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये भाजलेल्या रुग्णांच्या विभागात सिल्व्हर नायट्रेटला आणि त्याबरोबर काही प्रतिजैविकांनाही दाद न देणारा साल्मोनेला आढळल्याचे १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे त्या जंतूतला चांदीपासून बचाव करणारा जनुकसमूहही शोधला गेला. कवळीतल्या चांदीने असे होईलच, असे मी म्हणत नाही. पण तोंडात चोवीस तास, वर्षानुवर्षे, अपुऱ्या मात्रेत जंतुनाशक झिरपत ठेवणे ही कल्पना ऐकायला जितकी चांगली वाटते तितकी निर्धोक नाही. आणि प्रतिजैविकांच्या बाबतीत आपण जे करून बसलो आहोत, ते पाहता थोडा सावधपणा बरा.

ज्यांच्याबद्दल कोणीच बोलत नाही त्यांच्याविषयी दोन शब्द लिहिणे मला भाग आहे. कवळी घासून साफ करताना अ‍ॅक्रिलिकची पांढरट-गुलाबी धूळ उडते. ती हातांवर, भुवयांवर, चहाच्या कपात, सगळीकडे बसते. मोठ्या शहरांतल्या काही लॅबमध्ये धूळ ओढणारी यंत्रे आहेत. बाकी बहुतेक ठिकाणी एक पंखा आणि नाकाला रुमाल. त्या धुळीत आता चांदीचे सूक्ष्मकण येणार आणि त्याहून वाईट म्हणजे कोरडी पूड मिसळणारा माणूस ती थेट हुंगणार. उंदरांना नव्वद दिवस अशा कणांच्या हवेत ठेवून केलेल्या प्रयोगांत फुप्फुसांवर आणि यकृतावर परिणाम दिसले आहेत. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षितता आणि आरोग्यविषयक राष्ट्रीय संस्थेने २०२१ मध्ये चांदीच्या सूक्ष्मकणांसाठी आठ तासांच्या कामात सरासरी दर घनमीटर हवेत ०.९ मायक्रोग्रॅमची मर्यादा सुचवली. एकूण चांदीसाठीची १० मायक्रोग्रॅमची मर्यादा आधीपासूनच आहे. आमच्या लॅबमधली हवा कोणी कधी मोजली आहे का, हा प्रश्न मी विचारतही नाही. निदान कोरडी पूड विकण्यास मनाई व्हावी आणि चांदी कारखान्यातच मिसळून आलेले, तपासलेले साहित्य तेवढे लॅबमध्ये यावे, ही मागणी अवास्तव ठरू नये.

एवढे सगळे लिहूनही मी म्हणतो की चांदीचा उपयोग काही जणांना व्हावा. पक्षाघाताने एक हात गेलेला, कंपवाताने ब्रश धरता न येणारा, स्मृतिभ्रंशामुळे कवळी काढू न देणारा, अंथरुणाला खिळलेला रुग्ण, यांना 'नीट घासा' असे सांगून भागत नाही. त्यांच्या कवळीला आतून लावायचे जे मऊ अस्तर असते, त्यात बुरशी अ‍ॅक्रिलिकपेक्षाही लवकर शिरते आणि ते ब्रशने घासले तर फाटते. हे अस्तर तसेही ठरावीक काळाने बदलायचे असते. तेव्हा चांदी घालायची तर ती अशा अस्तरात किंवा पाटीच्या फक्त टाळूकडच्या बाजूच्या पातळ थरात घालावी, हे मला साहित्याच्या दृष्टीने अधिक शहाणपणाचे वाटते: चांदी हवी तिथेच राहते, पाटीची ताकद जात नाही, साठा संपला की अस्तर बदलता येते, आणि गुलाबी रंगाचा तपकिरी-करडा होण्याचा प्रश्नही दिसणाऱ्या बाजूला येत नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांकडे असे रुग्ण येतात, कवळी शिकवणारे विभाग आहेत आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय हवेच असतात. साध्या अस्तराचा एक गट, चांदीच्या अस्तराचा दुसरा गट, नियमित स्वच्छता करून घेतलेला तिसरा गट, आणि वर्षभर पाठपुरावा: एवढे काम या तिघांनी मिळून केले तर आपल्याला परदेशी तबकड्यांच्या आकड्यांवर विसंबावे लागणार नाही. तिसरा गट मी मुद्दाम घातला आहे. तो असल्याशिवाय चांदीने किती फरक पडला, ते कळणारच नाही.

कारण धडधाकट माणसाच्या बाबतीत साधा उपाय आजही सर्वांत भरवशाचा आहे. जपानमध्ये पंच्याऐंशीच्या पुढच्या ५२४ वृद्धांची तीन वर्षे पाहणी करून २०१५ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत कवळी घालूनच झोपणाऱ्यांना न्यूमोनिया होण्याचा धोका इतरांच्या सुमारे सव्वादोनपट आढळला. आपल्याकडे तर कवळी घालूनच झोपणे ही कित्येकांची रीत आहे. घरात सुना-नातवंडांसमोर बोळके तोंड दिसू नये ही त्यामागची भावना मी समजू शकतो. पण चांदीची कवळी घेतली म्हणून ती रात्रभर घालायला हरकत नाही, असा अर्थ काढला गेला तर फायद्यापेक्षा तोटा जास्त होईल. रात्री काढावी, मऊ ब्रशने आणि साध्या साबणाने दोन्ही बाजूंनी, विशेषतः आतून, घासावी, साध्या पाण्यात बुडवून ठेवावी. टूथपेस्टने ओरखडे पडतात, उकळत्या पाण्याने पाटी वाकडी होते. हे सांगायला पाच मिनिटे लागतात, आणि गर्दीच्या दवाखान्यात नेमकी तीच पाच मिनिटे उरत नाहीत.

ज्यांनी अशी कवळी आधीच घेतली आहे त्यांनी घाबरून ती फेकून देऊ नये. कवळी नीट बसत असेल आणि टाळू निरोगी असेल तर ती जरूर वापरावी. दंतवैद्याकडून साहित्याचे नाव, उत्पादकाचे नाव, चांदीचे प्रमाण आणि ती कारखान्यात मिसळली की लॅबमध्ये, हे लिहून घ्यावे. फसफसणाऱ्या गोळ्या किंवा ब्लीचचे पाणी वापरण्याआधी त्यांना विचारावे, कारण गोळ्यांतल्या पेरॉक्साइडने चांदीचे कण विरघळू शकतात आणि ब्लीचमधल्या क्लोरीनशी चांदीची प्रक्रिया होते. हे सहसा माहितीपत्रकात छापलेले नसते. आतली बाजू करडी पडू लागली, टाळूची आग होऊ लागली किंवा तोंडाला धातूची चव येऊ लागली तर कवळी काढून ठेवून दाखवायला जावे, आणि जाताना कवळी धुऊन-पुसून न नेता आहे तशी न्यावी, म्हणजे तिच्यावर काय साठले आहे ते डॉक्टरांना पाहता येईल.

आपला नम्र,
एक निवृत्त डेंटल मेकॅनिक
कोल्हापूर